टाकी ६१०: बिघाडांची उलटी मोजणी

भोपाळची दुर्घटना कधी झाली, असं विचारलं की सगळे एकच वेळ सांगतात: २ डिसेंबर १९८४ ची मध्यरात्र. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला तो तेव्हाच, यात शंका नाही. पण घड्याळ मध्यरात्रीपासून लावलं की सगळा दोष त्या रात्रीच्या पाळीवर, एखाद्या कामगाराच्या चुकीवर किंवा दैवावर जातो. त्या रात्री जे जे निकामी ठरलं, त्यातलं जवळपास काहीच त्या रात्री बिघडलेलं नव्हतं. ते आधीच बिघडलेलं होतं, कारखान्यात ते ठाऊक होतं आणि त्यातल्या बहुतेक गोष्टींच्या तारखाही उपलब्ध आहेत. म्हणून ही मोजणी बरीच मागून सुरू करायला हवी.

पंधरा वर्षं माल वाहिलेली जुनी मॅटाडोर ज्याने चालवली असेल, त्याला हे लगेच कळेल. टेंपरेचरचा काटा कधीचा एका जागी अडकलेला. रेडिएटर गळतो म्हणून दर फेरीला पाण्याचा कॅन सोबत. डायनामो नीट चार्ज करत नाही म्हणून गाडी उतारावर लावायची. हँडब्रेक लागत नाही म्हणून चाकाखाली दगड. हॉर्न आपोआप वाजायला लागला म्हणून त्याची वायरच काढून टाकलेली. यातला एकही बिघाड गाडी थांबवत नाही. ड्रायव्हरला सगळं माहीत असतं, मालकालाही असतं, आणि "चालतंय ना?" एवढ्यावर ती रोज सकाळी कामावर निघते. मग एखाद्या दिवशी घाटात ते सगळे बिघाड एकदम हिशेब मागतात. भोपाळमध्ये असेच बिघाड एका टाकीभोवती साचत गेले. त्या टाकीत मिथाइल आयसोसायनेट होतं, ज्याला कारखान्यात सगळे एमआयसी म्हणत.

एमआयसीबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवल्या की पुढचं सगळं समजतं. हा द्रव ३९ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणजे मे महिन्यातल्या भोपाळच्या दुपारीसुद्धा त्याचा वायू होऊ शकतो. आणि पाण्याशी त्याची गाठ पडली की उष्णता निर्माण होते. उष्णतेने ही क्रिया आणखी वेग घेते आणि स्वतःलाच पेटवत नेते. म्हणून त्याला थंड ठेवायचं, कोरडं ठेवायचं आणि कमी साठवायचं, हे तीन नियम. सेव्हिन नावाच्या कीटकनाशकासाठी तो लागायचा आणि १९८० पासून तो भोपाळमध्येच तयार होऊ लागला होता.

तीन वर्षं आधी

डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूच्या गळतीने कारखान्यातल्या एका कामगाराचा जीव घेतला. मे १९८२ मध्ये अमेरिकेतल्या मूळ कंपनीचं पथक तपासणीला आलं. गळक्या झडपा, बेभरवशाची मोजमापं, देखभालीच्या कामातल्या त्रुटी आणि वारंवार बदलणारे कर्मचारी, हे सगळं त्यांच्या अहवालात आलं. ऑक्टोबर १९८२ मध्ये पुन्हा गळती झाली.

शहरातल्या एका माणसाने मात्र हे गांभीर्याने घेतलं. राजकुमार केसवानी हे तरुण पत्रकार 'रपट' नावाचं छोटं हिंदी साप्ताहिक चालवायचे. सप्टेंबर-ऑक्टोबर १९८२ मध्ये त्यांनी एकापाठोपाठ एक लेख लिहून शहराला सांगितलं की हा कारखाना एक दिवस भोपाळ संपवेल. जून १९८४ मध्ये 'जनसत्ता'त त्यांनी तेच पुन्हा लिहिलं. 'रपट'चा खप तो किती असणार? पण त्यात छापलेली माहिती ही अफवा नव्हती. तिच्यामागे कंपनीचीच कागदपत्रं होती. डिसेंबर १९८२ मध्ये मध्य प्रदेश विधानसभेतही कारखान्याच्या धोक्याचा प्रश्न निघाला आणि काळजीचं कारण नाही, अशा अर्थाचं उत्तर देऊन सरकारने तो मिटवला. तीन वर्षं आधी कुणालाच काही माहीत नव्हतं, असं म्हणायला इथे जागाच उरत नाही.

सहा महिने आधी

या मोजणीतला सर्वांत महत्त्वाचा टप्पा माझ्या मते हा आहे, मध्यरात्र नव्हे.

सेव्हिनचा खप पडला होता. कारखाना तोट्यात होता आणि तो विकायचा किंवा हलवायचा विचार चालू होता. अशा कारखान्यात पैसा घालायला कुणी तयार नसतं. माणसं कमी झाली, जुने अनुभवी लोक सोडून गेले, प्रशिक्षणाचा काळ आटला. एमआयसी विभागात एका पाळीवर बारा माणसं असायची, ती सहावर आली. देखभालीची सहा होती, ती दोनवर आली.

मे १९८४ मध्ये दोन पाइपांमध्ये एक जोडनळी बसवली गेली. एक पाइप सुरक्षा झडपांतून सुटणारा वायू नेणारा, दुसरा टाक्यांतून रोजचा वायू बाहेर काढणारा. एकाची दुरुस्ती चालू असताना दुसऱ्याने काम भागवावं, एवढाच हेतू. सोय झाली, पण जे दोन मार्ग एकमेकांपासून वेगळे असायला हवे होते, ते आता जोडले गेले.

जूनमध्ये शीतकरण यंत्रणा बंद केली गेली. टाकीतला एमआयसी शून्य अंशाच्या आसपास ठेवण्यासाठी ३० टनांची ही यंत्रणा बसवलेली होती. ती बंद करून तिच्यातला फ्रिऑन वायूही काढून घेतला आणि कारखान्यात दुसरीकडे वापरला. म्हणजे आणीबाणीत बटण दाबून ती चालू करणंही शक्य राहिलं नाही.

टाकीचं तापमान ११ अंशांवर गेलं की इशारा वाजावा, अशी मूळ व्यवस्था होती. शीतकरण गेल्यावर एमआयसी कायमच त्याच्या वर, पंधरा-वीस अंशांवर राहू लागला. जो इशारा सतत वाजला असता, त्याचा उपयोगच संपला. तापमान वाढतंय हे कळवणारा पहिला आवाज असा निर्णयानेच गेला.

थंड द्रवात पाणी शिरलं असतं तरी क्रिया मंद राहिली असती. चालकांच्या हातात काही तास, कदाचित त्याहून जास्त वेळ आला असता. टाकी रिकामी करता आली असती, वस्त्या हलवता आल्या असत्या. बाकीच्या यंत्रणा चालू असत्या तर काय झालं असतं, यावर वाद होऊ शकतो. शीतकरणाबाबत मला वाद घालण्यासारखं काही दिसत नाही. विजेचा आणि वायूचा खर्च वाचवण्यासाठी शहराचा वेळ विकला गेला.

चाळीस दिवस आधी

२२ ऑक्टोबरच्या सुमारास एमआयसीचं उत्पादन थांबलं. टाकी क्रमांक ६१० मध्ये ४० टनांहून अधिक एमआयसी होता. याच दिवसांत त्या टाकीतला नायट्रोजनचा दाब गेला. नायट्रोजन दोन कामं करायचा: बाहेरची घाण टाकीत येऊ द्यायचा नाही आणि गरज पडेल तेव्हा द्रव बाहेर ढकलायचा. दाब गेल्यावर टाकीतून माल काढता येईना. शेजारच्या ६११ क्रमांकाच्या टाकीतून सेव्हिनचं काम सुरू राहिलं आणि ६१० तशीच भरलेली पडून राहिली, एखाद्या झडपेतून कुठेतरी गळत.

२३ ऑक्टोबरला वायू धुणारा स्क्रबर 'स्टँडबाय'वर ठेवला. टाकीतून वायू सुटलाच तर कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तो निष्प्रभ करायचा, हे या मनोऱ्याचं काम. उत्पादन बंद आहे तर तो कशाला चालवायचा, असा हिशेब झाला असावा. पण उत्पादन बंद होतं, साठा नव्हे. स्क्रबरमधून सुटणारा वायू शेवटी जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर होता. त्याच्याकडे जाणाऱ्या पाइपचा गंजलेला तुकडा काढला होता आणि नवा बसवायचा राहिला होता. तीन टाक्यांपैकी ६१९ ही रिकामी राखायची होती, दुसऱ्या टाकीत काही झालं तर तिच्यात माल वळवण्यासाठी. तीही पूर्ण रिकामी नव्हती.

ही सगळी यंत्रणा पूर्ण ताकदीने चालू असती, तरी ४० टन एकदम सुटल्यावर ती पुरली नसती. स्क्रबर आणि फ्लेअर दोन्ही लहान गळतीच्या हिशेबाने बांधलेले होते. कंपनीच्या बाजूने हा मुद्दा मांडला जातो आणि तो खोटा नाही. पण मग एवढा मोठा साठा का ठेवला, हा प्रश्न त्याच मुद्द्याच्या पोटातून येतो, आणि त्याचं उत्तर कंपनीकडून कधीच मिळालं नाही.

एक आठवडा आधी

दुसऱ्या आणि तिसऱ्या पाळीतली देखभाल पर्यवेक्षकाची जागा रद्द झाली. पाइप धुताना पाणी अडवणारी चकती बसवली की नाही, हे बघणं त्याचं काम होतं. आता ते नेमकं कुणाचं, हे कुणी ठरवलं नाही.

३० नोव्हेंबर आणि १ डिसेंबरला ६१० मध्ये दाब भरण्याचा पुन्हा प्रयत्न झाला. दाब टिकला नाही. ती नादुरुस्त टाकी तशीच सोडून काम पुढे सरकलं.

२ डिसेंबर, रात्री साडेनऊ

रविवार. हवेत थंडी, वारा मंद. कारखान्याच्या भिंतीला लागून जयप्रकाश नगर, पलीकडे काझी कॅम्प, चांदबड, छोला. सगळीकडे झोपडवस्ती आणि लहान घरं. कारखान्याभोवतीच्या कित्येक झोपडपट्ट्यांना त्याच वर्षी सरकारने पट्टे दिले होते.

कारखान्यात एका कामगाराला सुरक्षा झडपांच्या पाइपांतली घाण पाण्याने धुवायला सांगितलं गेलं. धुण्याआधी त्या पाइपांच्या जोडावर लोखंडी चकती, कारखान्याच्या भाषेत स्लिप ब्लाइंड, बसवायची असते, म्हणजे पाणी भलतीकडे जात नाही. ती बसवली गेली नाही. पाणी सोडलं तेव्हा खालच्या निचऱ्याच्या तोंडांतून ते नीट बाहेर येईना. म्हणजे आत कुठेतरी साचत होतं. कामगाराने पाणी बंद केलं. निचरा साफ करून पुन्हा चालू कर, असं त्याला सांगण्यात आलं.

चौकशीतल्या एका मांडणीप्रमाणे हेच पाणी साचत, उंच चढत, मे महिन्यातल्या त्या जोडनळीतून दुसऱ्या पाइपात गेलं आणि गळक्या झडपांतून ६१० मध्ये उतरलं. टाकीत नायट्रोजनचा दाब असता तर त्याला अडवणारं काहीतरी असतं. युनियन कार्बाइडने १९८८ मध्ये दुसरी बाजू मांडली: कुणा नाराज कामगाराने मुद्दाम नळी थेट टाकीला जोडली. त्या कामगाराचं नाव कंपनीने कोर्टात कधी सिद्ध केलं नाही.

हा वाद आजही चालतो आणि माझ्या मते तो लोकांना भलत्याच बाजूला घेऊन जातो. पाणी कुठल्याही वाटेने आलं असो. एमआयसीच्या टाकीत पाणी येऊ शकतं, हे गृहीत धरूनच शीतकरण, तापमानाचा इशारा, नायट्रोजनचा दाब, रिकामी टाकी, स्क्रबर आणि फ्लेअर बांधले होते. सहापैकी कुठली एक गोष्ट पाणी आलं तेव्हा चांगल्या अवस्थेत होती, ते कंपनीने सांगावं.

दहा वाजून वीस मिनिटं

कंट्रोल रूममध्ये ६१० चा दाब २ पौंड दिसला. नेहमीसारखा.

पावणे अकरा ते अकरा

पाळी बदलली. अकराच्या सुमारास नव्या चालकाला दाब १० पौंडांवर दिसला. पाच पट वाढ, अर्ध्या-पाऊण तासात. पण २ ते २५ पौंडांमधला दाब चालतो, असं तो शिकलेला होता आणि आधीच्या पाळीने किती दाब सोडला, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. तापमानाची नोंदही सवयीने घेतली जात नव्हती, कारण त्या काट्यावर कुणाचा विश्वास नव्हता. एकटा दाब वाढला तर नायट्रोजन आला असेल, असं वाटू शकतं. दाब आणि तापमान दोन्ही वाढले तर टाकीत काहीतरी पेटलं आहे, हे कुठलाही चालक ओळखतो. त्याच्या हातात दोनपैकी एकच काटा होता.

साडेअकरा

कामगारांचे डोळे चुरचुरू लागले. या कारखान्यात गळती शोधायची हीच पद्धत रूढ झाली होती: उपकरण नव्हे, डोळे. शोधता शोधता उंचावरच्या एका पाइपातून घाण पाणी आणि वायू टिपकताना दिसला. ते कंट्रोल रूमला कळवलं गेलं. लहान गळत्या नेहमीच्या झाल्या होत्या, म्हणून चहा झाल्यावर बघू, असं ठरलं.

त्यांना दोष देणं सोपं आहे. पण इशाऱ्यांची सवय झालेला माणूस इशारा ऐकू शकत नाही, आणि ती सवय त्या सहा जणांनी स्वतःला लावून घेतलेली नव्हती. तीन वर्षं प्रत्येक गळतीनंतर काम त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करून ती त्यांना लावली गेली होती.

बारा वाजून पंधरा ते बारा वाजून चाळीस

चहा चालू असताना दाब ३० पौंडांवर गेला, मग काही मिनिटांत ५५ वर, म्हणजे मोजपट्टीच्या शेवटच्या आकड्यावर. त्यापुढे किती, हे दाखवायला काटाच उरला नाही. तापमानाचा काटाही २५ अंशांच्या शेवटच्या खुणेपलीकडे अडकला. चालक टाकीकडे धावला. जमिनीत अर्धवट पुरलेल्या टाकीवरचं काँक्रीट हादरत होतं, तडकत होतं, आणि आतून गडगडाट येत होता. सुरक्षा झडप उघडली. वायू ३० मीटरहून उंच नळकांड्यातून रात्रीच्या हवेत सुटू लागला.

नंतरच्या हिशेबात टाकीतलं तापमान २०० अंशांपलीकडे गेलं असावं, असं दिसतं. त्या रात्री हे कुठल्याही काट्यावर दिसलं नाही.

पाऊण ते एक

स्क्रबरचा पंप चालू केला गेला. कॉस्टिकचा प्रवाह दाखवणारा काटा हलला नाही. अग्निशमन पथकाने पाण्याचे फवारे मारले. ते पंधरा मीटरच्या आसपास पोहोचले, वायू त्याच्या दुप्पट उंचीवर सुटत होता. ६१० मधला माल ६१९ कडे वळवण्याची हिंमत कुणाची झाली नाही, कारण ती रिकामी नसल्याचं काटा दाखवत होता. फ्लेअरचा पाइप अजून जोडलेला नव्हता. शीतकरणाचा फ्रिऑन जूनमध्येच गेला होता.

एकच्या सुमारास बाहेरच्या वस्त्यांसाठीचा मोठा सायरन वाजला आणि काही मिनिटांत बंद केला गेला. किरकोळ गळतीला वस्ती घाबरू नये, म्हणून सायरन थोडाच वाजवून थांबवायचा, ही पद्धत आधीच ठरलेली होती.

आपत्तीच्या योजनेत कामगार आणि शेजारची वस्ती हलवण्यासाठी चार बस होत्या. त्या फाटकाजवळच्या रस्त्यावर उभ्या राहिल्या. कामगार वाऱ्याची दिशा बघून, उलट्या बाजूला, पायी पळाले. त्यांना ती दिशा माहीत होती. बाहेरच्या कुणाला नव्हती.

एक ते अडीच

वारा वायव्येकडून आग्नेयेकडे, म्हणजे जुन्या भोपाळच्या दिशेने. वायू हवेपेक्षा जड, थंड रात्री जमिनीला धरून राहणारा. जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, चांदबड, मग रेल्वे कॉलनी आणि रेल्वे स्टेशन. लोक खोकत, उलट्या करत, डोळे मिटून बाहेर आले आणि पळाले. बरेचसे वायू जिकडे जात होता तिकडेच. धावताना श्वास खोल जातो, आणि वायूही. ओलं फडकं नाकातोंडावर घट्ट धरून वाऱ्याला आडवं चालत जा, एवढं कुणी सांगितलं असतं तर अनेक जीव वाचले असते, कारण हा वायू पाण्यात निष्प्रभ होतो. ते सांगण्यासाठी कारखान्याकडे सायरन होता आणि भोंग्यावरून बोलायला माणसं होती. पोलिसांनी फोन करून विचारलं, तेव्हा सगळं ठीक आहे, असं उत्तर कारखान्याकडून आल्याची नोंद आहे.

स्टेशनवर उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर ड्यूटीवर होते. स्वतःचे डोळे जळत असताना त्यांनी प्लॅटफॉर्मवर उभी असलेली भरगच्च एक्स्प्रेस वेळेआधी सोडायला लावली आणि विदिशा व इटारसीकडून येणाऱ्या गाड्या थांबवायचा निरोप पाठवला. त्यांच्या अनेक सहकाऱ्यांचा त्या रात्री मृत्यू झाला. त्या एका रात्रीत ज्यांच्याकडे अधिकार होता आणि ज्यांनी तो वेळेवर वापरला, अशा मोजक्या माणसांत दस्तगीरांचं नाव आहे. कारखान्याच्या लोकांकडेही अधिकार होता.

हमीदिया रुग्णालयात हजारो माणसं आली. डॉक्टरांना वायूचं नाव माहीत नव्हतं, उतारा माहीत नव्हता. कंपनीचे वैद्यकीय अधिकारी डोळे धुवा, यापलीकडे फारसं सांगत नव्हते. सायरन पुन्हा लांब वाजला तो दोनच्या पुढे. तोवर टाकीतला बहुतेक वायू निघून गेला होता.

सरकारी आकड्यांत तात्काळ मृत्यू २,२५९. मध्य प्रदेश सरकारने पुढे ३,७८७ मृत्यू वायूमुळे मान्य केले. पुढच्या वर्षांत मेलेल्यांचा अंदाज १५ हजार आणि त्याहून वर जातो. साडेपाच लाखांहून जास्त माणसांना इजा झाली. भोपाळमध्ये फुप्फुसांचे आणि डोळ्यांचे आजार घेऊन जगणारे लोक आजही आहेत.

१६ डिसेंबर

इथे मोजणी थांबत नाही, कारण टाकी ६११ आणि ६१९ मध्ये अजून एमआयसी होता. तो नष्ट करायचा सर्वांत सुरक्षित मार्ग, त्याचं सेव्हिन करणं, असं सीएसआयआरचे प्रमुख डॉ. एस. वरदराजन यांच्या पथकाने ठरवलं. त्याला 'ऑपरेशन फेथ' नाव दिलं गेलं. घाबरलेल्या लोकांनी शहर सोडलं. रेल्वे आणि बसगाड्या भरून गेल्या. कुंपणावर ओली कापडं लावली गेली, हेलिकॉप्टरमधून पाणी शिंपडलं गेलं, स्क्रबर दुरुस्त करून चालू ठेवला गेला आणि प्रत्येक टप्प्यावर तज्ज्ञ उभे राहिले. काही दिवसांत सगळा माल संपला. कुणालाही इजा झाली नाही.

ज्या कारखान्यातली यंत्रणा २ डिसेंबरला कामाची नव्हती, तीच दोन आठवड्यांत नीट करून चालवता आली. या एका गोष्टीपुढे, यंत्र जुनं होतं किंवा भारतात असं चालतंच, ही सगळी कारणं निरर्थक ठरतात. दुरुस्ती शक्य होती. ती करायची इच्छा आणि पैसा फक्त मृतदेह रस्त्यावर आल्यावर निघाला.

१९८९ मध्ये युनियन कार्बाइडने ४७ कोटी डॉलरला सगळे दावे मिटवले. मूळ कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसन यांना ७ डिसेंबर १९८४ ला भोपाळमध्ये अटक झाली, ते त्याच दिवशी जामिनावर सुटले आणि परत कधी खटल्याला आले नाहीत. ७ जून २०१० रोजी भोपाळच्या न्यायालयाने भारतीय कंपनीच्या सात अधिकाऱ्यांना निष्काळजीपणासाठी दोन वर्षांची शिक्षा सुनावली. त्यांत अध्यक्ष केशुब महिंद्र आणि व्यवस्थापकीय संचालक विजय गोखले होते. लगेच जामीन झाला.

दुर्घटनेनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, १९८७ मध्ये कारखाना कायद्यात धोक्याची माहिती देण्याचं बंधन आणि धोका दिसला तर कामगाराला तो कळवण्याचा हक्क आला. कागदावर बरंच सुधारलं. तरीही ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमच्या एलजी पॉलिमर्समधून स्टायरीनचा वायू वस्तीत शिरला, बारा जण मेले, आणि चौकशी समितीने काय म्हटलं? टाकीच्या फक्त तळाशी तापमान मोजलं जात होतं. शीतकरण पुरेसं नव्हतं. आणि सायरन वाजवला गेला नाही. भोपाळ ज्यांना पाठ आहे, त्यांना हे तिन्ही मुद्दे नवे नाहीत.

आपल्याकडेही डोंबिवलीच्या एमआयडीसीत २०१६ आणि २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यांत मोठे स्फोट झाले. तळोजा, रसायनी, महाड, लोटे इथल्या पट्ट्यांत लाखो मराठी माणसं अशा टाक्यांच्या शेजारी झोपतात. त्यांच्यातल्या वाचकांना माझी विनंती आहे. धोकादायक रसायनं ठेवणाऱ्या कारखान्याबाहेरच्या भागासाठी आपत्कालीन योजना जिल्हा प्रशासनाकडे असायला हवी. ती मागा आणि तिच्यात तुमच्या गल्लीचं नाव आहे का, ते बघा. सायरन शेवटचा कधी वाजवून पाहिला, ते विचारा. आणि कारखान्यात काम करत असाल, तर बंद पडलेला स्क्रबर, काढलेला पाइप, न चालणारा काटा यांची तारीख आज लॉगबुकात लिहा, आणि त्याची प्रत व्यवस्थापक आणि कारखाना निरीक्षक या दोघांनाही पाठवा.